पूर्वेकडचा उतार

कलकत्त्यास बदलून आलेल्या मराठी माणसाला पहिल्या काही महिन्यांतच एक गोष्ट कोणीतरी हसतहसत ऐकवतो. बंगालमधील आया आपल्या मुलांना निजविताना ज्या 'बर्गीं'ची भीती घालीत आल्या, ते बर्गी म्हणजे आपलेच नागपूरकर भोसल्यांचे स्वार. ऐकणारा मराठी अधिकारी थोडासा ओशाळतो आणि मनातल्या मनात थोडासा सुखावतोही. पुढे कोणीतरी 'मराठा डिच'ची हकीकत सांगतो. इ. स. १७४२ मध्ये भास्करराम कोल्हटकरांच्या, म्हणजे बंगाली बखरींतील भास्कर पंडितांच्या, स्वारीची वार्ता येताच कलकत्त्याच्या रहिवाशांनी स्वतःच्या खर्चाने शहराभोवती एक खंदक खणावयास घेतला. संकल्प सात मैलांचा होता. सुमारे तीन मैल खणून होईपर्यंत मराठे काही आले नाहीत, आणि काम तेथेच थांबले. मराठ्यांनी कलकत्त्यावर कधीच चाल केली नाही. खंदकाने मात्र शहरवासीयांना 'डिचर्स' हे टोपणनाव मिळवून दिले.

ह्या खंदकाचे एक वैशिष्ट्य माझ्या उशिरा ध्यानात आले. पश्चिमेला हुगळी नदीचे विशाल पात्र असल्याने त्या बाजूला संरक्षणाची गरज नव्हती. खंदक होता तो उत्तरेस आणि पूर्वेस, म्हणजे शहराच्या पाठीमागे. इ. स. १७९९ मध्ये त्याचा बराचसा भाग बुजवून सर्क्युलर रोड करण्यात आला. आज आचार्य प्रफुल्लचंद्र आणि आचार्य जगदीशचंद्र ह्या दोन शास्त्रज्ञांची नावे धारण करणारे रस्ते तेच. त्या रस्त्यावर उभे राहून पूर्वेकडे तोंड केले तर एका निराळ्याच इतिहासाकडे आपले तोंड होते. तलवारीचा त्याच्याशी काही संबंध नाही. तो मैलापाण्याचा, चिखलाचा, मासळीचा आणि जमिनीच्या नोंदींचा इतिहास आहे. आणि ज्यांचे आयुष्य सरकारी कागदांत गेले त्यांनी तो अवश्य जाणून घ्यावा असा आहे.

सामान्यतः नदीकाठच्या गावाचा उतार नदीकडे असतो. कलकत्त्याचे तसे नाही. हुगळीने शतकानुशतके पुराबरोबर आणलेला गाळ आपल्याच काठावर टाकून काठ उंच करून ठेवला. त्यामुळे जमीन नदीपासून दूर, पूर्वेकडे उतरत जाते. हा उतार जेथे संपे तेथे विस्तीर्ण खारी सरोवरे होती. बिद्याधरी नदीवाटे समुद्राची भरती तेथपर्यंत येई आणि ओहोटीबरोबर परत जाई. इ. स. १६९० मध्ये जॉब चार्नॉकने येथे वखार घातली तेव्हा त्याने नदीचा घाट पाहिला. पाणी कोठे जाईल ह्याचा विचार वखारवाले कशाला करतील? पुढे शहर वाढले. प्रासाद, कचेऱ्या, देवालये ही सारी नदीच्या अंगाला बसली आणि जे काही नकोसे होते ते उताराने पूर्वेस जाऊ लागले. शहराचे मुख पश्चिमेला राहिले आणि पाठ पूर्वेला.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ह्या सांडपाण्याचा शास्त्रशुद्ध बंदोबस्त करण्याची वेळ आली. विल्यम क्लार्क नावाच्या अभियंत्याने भुयारी गटारांची योजना आखली, इ. स. १८५९ मध्ये काम सुरू होऊन १८७५ मध्ये ते पुरे झाले. त्याच सुमारास लंडनमध्ये बॅझलगेटची प्रसिद्ध गटारे बांधली जात होती. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीच्या दुर्गंधीने पार्लमेंटच्या सभासदांना नाकाला रुमाल लावावा लागला होता, त्याचा तो परिणाम. लंडनने आपला मैला समुद्राच्या दिशेने ढकलला. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग ह्याने ह्या प्रकारावर कठोर टीका केली होती. शेतातून धान्यरूपाने शहरात आलेली पोषकद्रव्ये शेतात परत न जाता समुद्रात जाऊ लागली तर भूमी निकस होईल, असे त्याचे म्हणणे. व्हिक्टर ह्यूगोनेही १८६२ च्या आपल्या महाकादंबरीत पॅरिसच्या गटारांविषयी हाच आक्षेप मोठ्या आवेशाने मांडला आहे. आपल्या शेतकऱ्याला हे तत्त्व शिकविण्यास कोणा लीबिगची गरज पडली नसती. ज्या भाषेने ह्या खताला 'सोनखत' असे नाव दिले, त्या भाषेने त्याचे मोल केव्हाच ठरविले होते.

ह्या सोन्याचा दुसरा गुणही लक्षात घेतला पाहिजे. मैल्यात व शेणाखतात नत्र आणि स्फुरद असतात. शेतात पडले तर ती पिकाचे अन्न होतात. साचलेल्या पाण्यात अमर्याद गेली तर पाण्याचा काळ होतात. शेवाळ भराभर वाढते, पाणी हिरवे व गढूळ होते, मेलेले शेवाळ कुजताना पाण्यातील प्राणवायू खाऊन टाकते आणि मासे गुदमरून मरतात. ह्या दोहोंपैकी मुख्य अपराधी कोण, ह्याचा निर्णय कॅनडातील ओंटारियो प्रांतात इ. स. १९७३ मध्ये डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका साध्या प्रयोगाने केला. '२२६' एवढाच क्रमांक असलेल्या एका छोट्या सरोवराच्या मधोमध पडदा टाकून त्यांनी त्याचे दोन भाग केले. दोन्हीकडे कर्ब व नत्र सोडले. एकीकडे मात्र त्यांत स्फुरदही मिसळले. स्फुरदाचा भाग गर्द हिरवा झाला, दुसरा होता तसा राहिला. विमानातून घेतलेले त्या सरोवराचे छायाचित्र सर्व जगात गाजले.

परंतु स्फुरद पाण्यात जाते कोठून, ह्या प्रश्नाचे उत्तर प्रयोगशाळेत सापडत नाही. ते जमिनीच्या इतिहासात शोधावे लागते. अमेरिकेतील ईरी सरोवराचे उदाहरण बोलके आहे. त्याच्या पश्चिम टोकाजवळ ओहायो राज्यात 'ग्रेट ब्लॅक स्वॅम्प' नावाची प्रचंड दलदल होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चर खणून आणि जमिनीखाली मातीच्या नळ्या घालून ती कोरडी करण्यात आली आणि तेथे अतिशय सुपीक शेते उभी राहिली. पाणी धरून ठेवणारी, गाळणारी जमीन गेली. पाणी झटपट काढून देणारी जमीन आली. १९६० नंतरच्या दशकात ईरी सरोवर 'मेले' असे लोक म्हणू लागले. १९७२ मध्ये अमेरिका व कॅनडा ह्यांनी करार केला. शहरांचे मैलापाणी शुद्ध करणारी केंद्रे सुधारली, धुण्याच्या साबणचुऱ्यांतील फॉस्फेटवर नियंत्रण आले आणि सरोवर सुधारले. तरीही १९९० नंतर शेवाळ परतले. आता मुख्य वाटा शेतांतून वाहून येणाऱ्या खताचा होता. ऑगस्ट २०१४ मध्ये तर सरोवरकाठच्या टोलेडो शहराच्या परिसरातील चार-पाच लाख लोकांना शेवाळातील विषामुळे दोनतीन दिवस नळाचे पाणी पिता आले नाही. नळाच्या तोंडाशी असलेला उपद्रव थांबविता येतो. सबंध मुलखाच्या जमिनीचा उपयोग बदलल्याने जो उपद्रव होतो तो थांबविणे फार कठीण.

आता पुन्हा कलकत्त्याच्या पूर्वेस येऊ. तेथे ह्याच नाटकाचा प्रयोग वेगळ्या क्रमाने झाला.

इ. स. १८६५ मध्ये नगरपालिकेने धापा येथे एक चौरस मैल जमीन कचरा टाकण्यासाठी घेतली. थोड्याच वर्षांत त्या कचऱ्यावर भाजीपाला पिकू लागला आणि शहराने टाकलेले शहराच्याच बाजारात फुलकोबी होऊन परत येऊ लागले. मैलापाणी मात्र खाऱ्या सरोवरांतून बिद्याधरीत सोडले जात होते. बिद्याधरी हे भरतीचे पाणी पसरवून जगणारे पात्र. भरतीला पसरावयास जागा असेल तर तिच्याबरोबरचा गाळ विस्तीर्ण प्रदेशावर बसतो, आणि ओहोटीच्या वेळी परतणारे पाणी पात्र धुऊन नेते. माणसांनी शेतीसाठी व मत्स्यपालनासाठी बांध घालून ही जागा आवळली, कालवे काढून प्रवाह इकडेतिकडे वळविले, वर शहराचा मैला त्यात आला. गाळ पात्रातच बसू लागला. इ. स. १९२८ मध्ये सरकारी पाटबंधारे खात्याने बिद्याधरी मृत झाल्याचे जाहीर केले. नदीच्या मृत्यूची नोंद सरकारी दप्तरात व्हावी, असे प्रसंग इतिहासात फारसे नाहीत.

नदी मेली तशी भरती बंद झाली आणि खारी सरोवरे गोडी होऊ लागली. खाऱ्या पाण्यातील मासळीवर जगणाऱ्यांचा धंदा बसला. ह्या अडचणीतून, १९३० च्या सुमारास, काही मत्स्यव्यवसायिकांना एक गोष्ट आढळून आली: शहराचे मैलापाणी बेताने तळ्यात घेतले तर मासे मरत नाहीत, उलट जोमाने वाढतात. हा शोध कोणत्याही विद्यापीठात लागलेला नव्हता. चिखलात उभे राहणाऱ्या माणसांनी डोळ्यांनी पाहून तो लावला. इकडे मैलापाण्यासाठी नवी वाट हवीच होती. महापालिकेचे अभियंता डॉ. बी. एन. डे ह्यांच्या योजनेप्रमाणे पूर्वेस सुमारे तीस किलोमीटरांवरील कुल्टी नदीपर्यंत दोन कालवे काढण्यात आले, एक नित्याच्या सांडपाण्यासाठी व दुसरा पावसाच्या पाण्यासाठी. १९४३ साली, म्हणजे बंगालच्या भीषण दुष्काळाच्या वर्षी, ते चालू झाले. कालव्यातील पाण्याची पातळी उंच असल्यामुळे पंपाशिवाय ते दूरवरच्या तळ्यांत सोडता येऊ लागले, आणि मैलापाण्यावरील मत्स्यशेती झपाट्याने पसरली.

ही तळी तेथे 'भेडी' ह्या नावाने ओळखली जातात. मी प्रथम भेडी पाहिली ती हिवाळ्यातील एका सकाळी. तळ्याचे पाणी काढून तळ उन्हात वाळत ठेवला होता. शेजारच्या भरलेल्या तळ्याच्या बांधावर एक वृद्ध मासेमार उभा होता. त्याने ओंजळभर पाणी उचलले, त्याचा रंग निरखला, वास घेतला आणि दार उघडावयास आलेल्या पोराला मानेनेच नकार दिला. मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, "बाबू, आज त्याचे पोट भरलेले आहे." तळ्याला पोट असते ही कल्पना मला त्या वेळी गमतीची वाटली. आज वाटते, ह्याहून अचूक शास्त्रीय विधान करणे अवघड आहे.

भेडीचे पाणी जेमतेम कमरेइतके, पुष्कळदा त्याहूनही उथळ असते. त्यामुळे ऊन तळापर्यंत पोचते. वाळविलेल्या तळ्यात प्रथम मैलापाणी घेऊन ते काही दिवस तसेच राहू देतात. सूक्ष्म जंतू मैल्याचे विघटन करतात. मोकळ्या झालेल्या नत्र-स्फुरदावर सूक्ष्म शेवाळ वाढते. सूर्यप्रकाशात ते शेवाळ पाण्याला प्राणवायू देते आणि त्या उन्हाने रोगजंतूही मोठ्या प्रमाणावर नष्ट होतात. मग रोहू, कातला, मृगल, चंदेरा, तिलापिया ह्यांची पिल्ले सोडतात. ती शेवाळ व त्यावर जगणारे सूक्ष्म जीव खातात. जे शेवाळ ईरी सरोवराला मारते तेच येथे चारा होते, कारण ते खाणारी तोंडे आहेत आणि किती पाणी घ्यावयाचे हे ठरविणारा माणूस बांधावर उभा आहे. काठाने राखलेली जलपर्णी लाटांपासून बांधाचे रक्षण करते आणि काही जड धातूही शोषून घेते. भेडीतून बाहेर पडलेले पाणी भातखाचरांत जाते. शेवटी कुल्टी नदीत जे पोचते ते शहरातून निघालेल्या पाण्याच्या मानाने पुष्कळच निर्मळ असते. तोपर्यंत त्यातील नत्र-स्फुरदाची भाजी, मासळी आणि भात झालेला असतो.

एकाच शहराचे एकच मैलापाणी. ते मरणाऱ्या नदीत सोडले तेव्हा घाण ठरले आणि तळ्यांत व खाचरांत अडविले तेव्हा खत ठरले. मधल्या जमिनीचा उपयोग काय, एवढाच फरक. आणि हा उपयोग कोणत्याही कायद्याने ठरविलेला नव्हता. तो पोटासाठी चाललेल्या उद्योगातून उत्पन्न झाला होता, म्हणून शहराच्या नकाशावर त्याचे नावही नव्हते.

नाव नसलेल्या वस्तूचे रक्षण कोण करणार? फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे आले, शहर अपुरे पडू लागले आणि विस्ताराला जागा पाहताना सर्वांची दृष्टी पुन्हा पूर्वेकडेच वळली. मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र राय ह्यांच्या पुढाकाराने १९६२ मध्ये उत्तरेकडील खाऱ्या सरोवरांत भर टाकण्याचे काम युगोस्लाव्हियातील कंपनीकडे देण्यात आले. हुगळीच्या पात्रातील गाळमिश्रित वाळू पाण्याबरोबर नळांतून आणून तळी बुजविली गेली. तेथे सॉल्ट लेक, म्हणजे बिधाननगर, उभे राहिले. ते सुरेख आहे, आणि आपल्यापैकी कित्येकांची तेथील सरकारी निवासांत सुखाने वर्षे गेली आहेत. त्या काळच्या राज्यकर्त्यांना दोष देणे सोपे आहे. पण माणसांना घरे हवी होती हे खोटे नाही. हिशेबात राहिले ते इतकेच: पूर्वी ती जमीन शहराचे मैलापाणी घेत होती, आता ती स्वतःच मैलापाणी देऊ लागली. वहीतील एक रकम जमेच्या बाजूची खर्चाच्या बाजूला गेली, आणि बेरीज कोणी करून पाहिली नाही.

ती बेरीज करणारा माणूस सरकारी नोकरीतूनच निघाला, ह्याचे मला विशेष वाटते. ध्रुबज्योती घोष हे राज्य सरकारचे अभियंते. मैलापाण्याचा पुनरुपयोग कसा करावा हे शोधण्याचे काम १९८० नंतर त्यांच्याकडे आले, तेव्हा शहराचे पाणी जाते तरी कोठे हे पाहण्यासाठी ते कालव्याकाठाने चालत निघाले आणि भेड्यांपाशी येऊन पोचले. ज्याची योजना आखावयाची होती ती तेथे अर्धशतक चालू होती. त्यांनी ह्या प्रदेशाचे नकाशे केले, त्याला 'पूर्व कलकत्ता पाणथळ प्रदेश' असे नाव दिले, आणि मासेमारांना आपले गुरू म्हटले. १९९० साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने त्यांचा 'ग्लोबल ५००' मध्ये समावेश केला. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले.

पुढचा इतिहास कायद्याचा आहे. ह्या भागात मोठे व्यापारी संकुल उभारण्याचा घाट घातला गेला, तेव्हा 'पब्लिक' ह्या नागरिकांच्या संस्थेने उच्च न्यायालयात धाव घेतली. सप्टेंबर १९९२ मध्ये न्यायमूर्ती उमेशचंद्र बॅनर्जी ह्यांनी पाणथळ जमिनीचा उपयोग बदलण्यास मनाई केली. ऑगस्ट २००२ मध्ये रामसर कराराखाली साडेबारा हजार हेक्टर प्रदेशाला आंतरराष्ट्रीय महत्त्व मिळाले: सुमारे ५,८५० हेक्टर तळी, ४,७०० हेक्टर शेती, ६०० हेक्टर धाप्याची भाजीजमीन आणि उरलेली वस्ती. २००६ मध्ये राज्याचा स्वतंत्र कायदाही झाला. अडीचशेच्या आसपास भेड्या शहराला वर्षाकाठी दहा हजार टनांहून अधिक मासळी पुरवितात असा अंदाज दिला जातो.

एवढ्याने सारे सुरक्षित झाले असे मानणे भाबडेपणाचे होईल. शहरातील चामडे कमावण्याच्या कारखान्यांचे पाणीही ह्याच कालव्यांत येत असे. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कारखाने शहराबाहेर हलविण्याचा आदेश दिला, आणि नवे संकुल बानतला येथे, म्हणजे पाणथळ प्रदेशाच्या अगदी काठावर, झाले. क्रोमियम हे काही नत्र किंवा स्फुरद नव्हे. ते कोणत्याही माशाचे अन्न होत नाही. कालव्यांत गाळ साचला की मैलापाणी भेड्यांपर्यंत पुरेसे पोचत नाही. शहराला नकोसे झालेले पाणी मिळत नाही अशी तक्रार मासेमारांनी करावी, हा ह्या इतिहासातील करुण विनोद. आणि शहराच्या जवळ जमिनीला जो भाव येतो, त्यापुढे तळ्याचे उत्पन्न टिकत नाही. बांध एका रात्रीत फुटतो, तळे कोरडे पडते, काही दिवसांनी तेथे भरीची माती येते. कायदा तळ्याचे रक्षण करील. पण मासेमाराच्या मुलाला बांधावर उभे राहणे परवडले नाही, तर पाण्याचे पोट भरले आहे की नाही हे कोण सांगणार?

आपल्यापैकी ज्यांनी महसूल खात्यात काम केले आहे त्यांच्या परिचयाचा एक शब्द आहे: पोटखराबा. ज्यातून पीक येत नाही, म्हणून ज्यावर आकार बसत नाही, ती जमीन. बंगालच्या दप्तरात शाली, डांगा, बास्तु, डोबा असे वर्ग आहेत. शब्द निराळे, दृष्टी तीच. जमीन तिच्या मालकाला काय देते हे त्या रकान्यांत लिहिता येते. ती खालच्या नदीला काय देते आणि काय देत नाही, हे लिहिण्याचा रकाना कोणत्याच प्रांताच्या वहीत मी पाहिलेला नाही. ओढ्याकाठची दलदल, गावाखालचे डबके, नदीचा पूर पसरण्याचे रान ही सारी आपण खराब्यात घातली आणि पहिली संधी मिळताच 'सुधारली'. पुणे आणि पिंपरी-चिंचवड ह्यांच्या सांडपाण्यातील नत्र-स्फुरद पवना, मुळा-मुठा आणि भीमेच्या मार्गाने उजनीच्या जलाशयात जाऊन साठते. उन्हाळ्यात त्या पाण्याचा हिरवा रंग ज्याने पाहिला त्याला बाकीचे सांगावयास नको.

एका सहीने जमिनीचा वर्ग बदलतो. मीही अशा सह्या केल्या आहेत, आणि करताना त्या जमिनीच्या उताराने काय वाहते हे विचारल्याचे मला आठवत नाही. कलकत्त्याच्या रहिवाशांनी १७४२ मध्ये खंदक खणला तो कधीच न आलेल्या मराठ्यांच्या भयाने. ज्या पूर्वेकडच्या चिखलाने पुढे त्यांच्या शहराची घाण पोटात घेऊन त्यांना मासळी व भात दिला, त्याच्या रक्षणासाठी मात्र कोणाला काही करावेसे वाटण्यास अडीचशे वर्षे लागली. आपण जेथे नेमणुकीवर असाल तेथे एखाद्या सुटीच्या दिवशी गावाचा उतार कोणीकडे आहे, हे पायी चालत जाऊन पाहावे. त्या उताराच्या टोकाला एखादे तळे, एखादी दलदल किंवा जुने खाचर अद्याप शिल्लक असेल, तर त्याची आपल्या दप्तरातील नोंदही एकदा काढून वाचावी.